तापणाऱ्या जुन्या बोट मोटरचं खापर पेट्रोलवर फोडू नका

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांनी लिहिलं होतं की वडिलांच्या वेळची आउटबोर्ड मोटर (नावेच्या मागे बाहेरून लावतात ती) ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे तापायला लागली, कोणाला जमेना, म्हणून आता भंगारात देणार. वाचून कसंतरीच झालं. कारण अगदी हेच मीही वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो आणि चुकीचं सांगत होतो.

आमच्याकडे जॉन्सन सीहॉर्स आहे, साठच्या दशकातली, १८ हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर. आजोबा बडोद्याच्या कलाभवनात तंत्रशिक्षण घेतलेले, त्यांनी मुंबईहून सेकंडहँड आणली होती, नर्मदेकाठी चांदोदला ओळखीच्या नावाड्याची नाव होती तिला लावून ते आम्हा पोरांना नर्मदा-ओरसंगच्या संगमावर फिरवायचे, हल्ली मात्र ती घरीच असते आणि महिन्या-दोन महिन्यांतून मी तिला पाण्याच्या ड्रमात लावून चालवतो, हौस म्हणा. तर ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुरात बडोद्यातल्या कारेलीबागेत आमच्या तळमजल्यात छातीपर्यंत पाणी आलं आणि स्टँडवरची मोटर पूर्ण बुडाली. (नदीतली मगर नाही आली घरात, तेवढं नशीब.) पाणी ओसरल्यावर लगेच प्लग काढले, सिलिंडरमध्ये ऑईल ओतलं, कार्बोरेटर, मॅग्नेटो सगळं उघडून पुसलं, म्हणून इंजिन जाम झालं नाही. दिवाळीनंतर दोरी ओढली तर तिसऱ्या झटक्यात सुरू! पण चार मिनिटांत रंग जळल्याचा वास, हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या झाकणावर, पाण्याचा थेंब टाकला तर चर्रर्र.

मेकॅनिक आला, वास घेतला आणि म्हणाला, "काका, पेट्रोल खराब छे." झालं. कार्बोरेटर दोनदा साफ, जेट साफ, पेट्रोल बदललं, तरी तेच.

आता जरा इंजिनचं सांगतो, माहीत असणाऱ्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. कारला रेडिएटर असतो, याला नसतो, नदी हाच रेडिएटर. खाली पंख्याच्या वरच्या अंगाला जाळी असते तिथून पाणी आत येतं, त्याच्या वर एक रबरी इंपेलर, म्हणजे पंपाचं पाकळ्यांचं चाक, इंजिनकडून खाली येणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टवर बसवलेला असतो, तो पाणी तांब्याच्या नळीतून वर ढकलतो, ते सिलिंडरच्या भोवती फिरतं, थर्मोस्टॅटमधून (पाणी तापलं की उघडणारी झडप) जातं आणि धुराबरोबर मोटरच्या पायातून, म्हणजे पंख्यापर्यंत जाणाऱ्या पोकळ खांबातून, खाली बाहेर पडतं. नव्या मोटरींना बाजूने पाण्याची बारीक धार दिसते, आमच्यासारख्या जुन्यांना ती नसतेच, आणि धार नाही म्हणून घाबरून मोटर विकलेले लोक मी पाहिलेत. जुन्या मोटरीत पायाच्या मागच्या भोकांतून धुराबरोबर पाण्याचे तुषार उडतायत का ते बघायचं. नुसता कोरडा धूर असेल तर पाणी वर पोचतच नाहीये.

आणि जी गोष्ट मला पहिल्या दिवशी सुचायला हवी होती ती ही: मोटर नुसती हळू चालतानाच तापते, की लोड पडल्यावर? हळू चालताना ठीक असेल आणि फुल थ्रॉटलला दम सोडत असेल, चोक थोडा ओढल्यावर सुधारत असेल, तर पेट्रोलच कमी मिळतंय, तेव्हा खुशाल कार्बोरेटरच्या मागे लागा. आमची रिकामी, ड्रमात, आयडलला तापत होती. म्हणजे पेट्रोल निर्दोष.

मग खालचा भाग काढला. यात एक गंमत आहे, गिअरचा रॉड आधी सुटा करावा लागतो, त्यासाठी पायाच्या बाजूला झाकण असतं, ते माहीत नसलं की माणूस अर्धा दिवस हातोडी मारत बसतो (बसलो). इंपेलरच्या पाकळ्या एकाच बाजूला वळून कडक झालेल्या, आणि पंपाच्या हाउसिंगला आतून रेघा पडलेल्या, ती ओरसंगची वाळू, चांदोदला उथळ पाण्यात मोटर चालवली की ती पंपातून जाणारच. नवा इंपेलर आणला, साबणाचं पाणी लावून शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत बसवला म्हणजे पाकळ्या बरोबर बाजूला वळतात. सुरू केली. परत चार मिनिटं, परत चर्रर्र.

परत काढली तर तांब्याची नळी पंपाच्या रबरी बुशात बसलीच नव्हती, बाजूला टेकून होती, नवा पंप सगळं पाणी पायातच ओतत होता. नळी नीट बसवली, मागून तुषार आले, आनंदाने सेवउसळ खाऊन आलो. पण आता चारऐवजी आठ मिनिटं, बाकी तेच.

थर्मोस्टॅट काढून पातेल्यात थर्मामीटर लावून उकळला, साधारण ६०-६२ डिग्रीला उघडला, म्हणजे चांगला. (पातेलं आता कायमचं माझं झालंय.) थर्मोस्टॅटशिवाय चालवून पाहिली तरी गरम. मग हेड काढायचंच ठरवलं, जे मी इतके महिने टाळत होतो, कारण साठ वर्षांचे बोल्ट. दोन-तीन दिवस गंज सोडवायचं ऑईल टाकत राहिलो, गरम करून हळूहळू मागे-पुढे करत काढले, तरी एक तुटलाच आणि ड्रिलिंगला द्यावा लागला.

हेड उचललं आणि मी बघतच राहिलो. सिलिंडरच्या भोवती पाणी फिरायची जी पोकळी असते ती तीन बाजूंनी विश्वामित्रीच्या गाळाने भरलेली, आणि तो गाळ इंजिनच्या उष्णतेने भाजून अक्षरशः वीट झालेला. पुरानंतर आम्ही इंजिन सगळं पुसलं पण पाणी जिथून जातं तिथे पुराचं पाणीही गेलं असेल हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. सायकलच्या स्पोकने आणि आइस्क्रीमच्या काडीने दात कोरावेत तसा दोन रविवार कोरला, कारण लोखंडी पेचकसाने ॲल्युमिनियम खरवडलं की नवीनच दुखणं. बायको म्हणाली, "घरातला गाळ मी तीन दिवसांत काढला, तुम्हाला वर्ष लागलं." उत्तर नव्हतं.

हेड काचेवर पॉलिशपेपर ठेवून घासून सपाट केलं, नवी गॅस्केट, बोल्ट मधल्यापासून बाहेर थोडे थोडे करत तीन फेऱ्यांत आवळले, एकदा चालवून गार झाल्यावर परत आवळले. आता वीस मिनिटं चालवा, हेड ६०-६५ डिग्री. फक्त ड्रमातलं पाणी बदलत राहायचं, ते स्वतःच तापतं आणि मग मोटर उगाच बदनाम होते.

ई-२० अगदी सोवळं आहे असंही नाही हं. आमच्या कार्बोरेटरमधला फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा) बुचाचा आहे आणि त्यावर चपड्याचा, म्हणजे लाखेचा, लेप असतो, तो इथेनॉलमध्ये विरघळतो, मग बूच पेट्रोल पितं आणि फ्लोट बुडतो. जुने रबरी पाइपही फुगतात. आणि पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑईलचं प्रमाण आमच्या मोटरीला २४ ला १ लागतं, म्हणजे लिटरला ४२ मिली, नव्यांचं बघून ५० ला १ टाकलं तरी बेअरिंगांची वाट लागते. पण तापणं हा बहुतेक वेळा पाण्याच्या रस्त्याचाच प्रश्न निघतो.

तर त्या गृहस्थांना विचारा की मोटर पुरात बुडाली होती का, आणि हेड एकदा तरी उघडलंय का. आणि भंगारवाला आधीच येऊन गेला असेल तर निदान खालचा पंप काढून ठेवायला सांगा, आमच्या हाउसिंगला रेघा पडल्यात आणि नवं कुठे मिळत नाहीये.

आपला,
एक वाचक, बडोदे