पाळणाघराला कुलूप होतं तेव्हाही मिल जोरात होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत ‘तरुण अमेरिके’वरचा दुसरा लेख वाचला आणि आज सकाळी चहा व्हायच्या आधी हे पत्र लिहायला बसले आहे. लेखकाचा अभ्यास आहे, भाषा चांगली आहे. एरी कालव्याचा भाग तर मी नातीला मोठ्याने वाचून दाखवला. ३६३ मैलांचा कालवा, बहुतेक खोदाई माणसांच्या हातांनी, १८१७ ते १८२५ अशी आठ वर्षं, आणि बफेलोहून न्यूयॉर्कला टनभर माल न्यायला जिथे शंभर डॉलर पडत तिथे दहाच्या आसपास पडू लागले. हे सगळं खरं आहे आणि सांगण्यासारखंही आहे.

माझी तक्रार एका वाक्याची आहे. समृद्धी आधी आली, सुधारणा तिच्यामागून ‘आपसूक’ आल्या, आणि तरुण देशांनी हा क्रम ध्यानात ठेवावा, असं लेखक शेवटाकडे लिहितात. त्या ‘आपसूक’ शब्दाने मला रात्री झोप लागू दिली नाही.

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉवेलच्या कापड गिरण्यांवर लेखात दोनच ओळी आहेत. शेतकऱ्यांच्या मुलींना रोजगार मिळाला, राहायला वसतिगृहं मिळाली, त्या स्वतःचं मासिक काढू लागल्या. इथेच लेखक थांबले. पहाटे घंटा, संध्याकाळी सातला सुटका, आठवड्याला सत्तरहून जास्त तास काम, हे कुठे गेलं? १८३४ मध्ये मजुरी कापली म्हणून आणि १८३६ मध्ये वसतिगृहाचे पैसे वाढवले म्हणून त्याच मुली काम टाकून रस्त्यावर आल्या, हे का नाही लिहिलं? १८४५ मध्ये लॉवेलची गिरणी कामगार सारा बॅगली आणि तिच्या सोबतिणी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाच्या समितीपुढे उभ्या राहिल्या. दिवस दहा तासांचा करा, एवढंच मागणं होतं आणि त्यामागे दोन हजारांवर सह्या होत्या. एका बाईने तर साक्षीत दिवे मोजून सांगितले: हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ आमच्या खोलीत २९३ लहान आणि ६१ मोठे दिवे जळतात, आणि त्या धुरात दीडशे माणसं काम करतात. ज्या बाईला दिव्यांची संख्या पाठ होते, तिने त्या खोलीत किती दिवस काढले असतील याचा विचार करा. समितीने ऐकून घेतलं आणि हा विषय कायद्याचा नाही म्हणून बायांना परत पाठवलं. त्या राज्यात बायांसाठी दहा तासांचा कायदा झाला १८७४ साली, म्हणजे २९ वर्षांनी. लॉवेल तर १८५० मध्येच ३३ हजार वस्तीचं शहर झालं होतं. समृद्धी येऊन बसली होती, तरी कायदा आला नाही.

हे मला इतकं का लागलं ते सांगते. माझी आई सोलापुरात एका मिलमध्ये रीळ खात्यात होती. मिलचं नाव लिहीत नाही, ती आता उरलेलीही नाही. १९५९ साल असेल. मी पाच वर्षांची, धाकटा भाऊ आठ महिन्यांचा. पन्नासहून जास्त बाया जिथे कामाला आहेत तिथे पाळणाघर हवं, असं १९४८च्या फॅक्टरी कायद्यात लिहिलेलं होतं. आमच्या मिलमध्ये बाया दोनशेच्या वर होत्या आणि पाळणाघरही होतं. दारावर निळ्या रंगात तसं लिहिलेलं होतं आणि दाराला कुलूप होतं. आत रिकाम्या कांड्यांच्या पेट्या रचलेल्या असायच्या. इन्स्पेक्टर यायचा म्हटलं की आदल्या दिवशी पेट्या बाहेर निघत, दोन पाळणे टांगले जात, आणि तो गेला की पेट्या परत आत.

त्यामुळे भावाला सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. दुपारच्या सुट्टीचा भोंगा व्हायच्या आधी त्याला कडेवर घेऊन मी मिलच्या गेटशी जाऊन उभी राहायची. भोंगा झाला की आई पळत यायची. केसांत, भुवयांवर कापूस, पोलक्याचा पुढचा भाग दुधाने ओला. भिंतीला टेकून ती त्याला पाजायला घ्यायची आणि दुसऱ्या हाताने भाकरीचा तुकडा तोंडात टाकायची. बोटांची टोकं सुताने कापलेली असायची, चटणी लागली की ती हात झटकायची. तो पिऊन व्हायच्या आत भोंगा झाला तर त्याला ओढून माझ्या हातात द्यायची आणि मागे न बघता आत जायची. तिने मागे का बघितलं नाही ते मला माझी मुलगी झाल्यावर कळलं. शेजारच्या खोलीतली बाई पोराला अफूची बाळगोळी देऊन निजवून कामाला जायची. तिला वाईट म्हणणारे पुष्कळ होते. तिच्या पोराला दिवसभर सांभाळायला मात्र कुणी पुढे आलं नाही.

पहिलीचं माझं वर्ष त्यात गेलं. हजेरी भरली नाही म्हणून मला पुन्हा पहिलीत बसवलं.

मिल त्या वेळी डबघाईला आलेली नव्हती. पुरुषांच्या तिन्ही पाळ्या चालू होत्या, गाठींनी भरलेल्या गाड्या रोज स्टेशनाकडे जात होत्या. मालकांकडे पैसा नव्हता म्हणून ते कुलूप होतं असं कुणी म्हणू नये. आषाढात एक दिवस रीळ आणि वायंडिंग खात्यातल्या बाया पोरांना घेऊन गेटातच बसल्या. भुरभुर पाऊस होता. नायकीण, म्हणजे बायांवरची मुकादम, समजवायला आली, मग टाइमकीपर आला, मग कुणी साहेब आला. “पोरं कुठं ठिवायची ओ, सायब? तुमच्या हापिसात ठिवू का?” हे आईने विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. घरात आवाज चढवून बोललेली आई मी कधी पाहिली नव्हती. चार दिवस बाया बसल्या. चार दिवसांचा पगार कापला गेला. पाचव्या दिवशी पेट्या बाहेर निघाल्या, कुलूप उघडलं आणि एक आया नेमली गेली. पण पहिल्यांदा गेटात बसलेल्या दोघींना परत कामावर घेतलं नाही. त्यातली एक पुढे घरी विड्या वळायची. आई दर पगाराला तिच्याकडे काही ना काही पाठवायची, आणि ते पोचवायला मीच जात असे.

आता मला सांगा, यात आपसूक काय आलं?

निवृत्त होईपर्यंत ३१ वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला, म्हणून लेखातली दुसरी गोष्टही सोडवत नाही. त्या वाढीतला कापूस कुठून येत होता हे लेखात कुठेच नाही. लॉवेलच्या गिरण्यांत सूत होत होतं ते दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसाचं. १७९३ मध्ये कापसातली सरकी काढायचं यंत्र निघालं आणि कापसाला सोन्याचे दिवस आले. १७९० मध्ये गुलामांची संख्या सात लाखांच्या आसपास होती, १८६० मध्ये ती चाळीस लाखांच्या जवळ गेली. व्यापार वाढला तशी गुलामगिरीही वाढली. तिकडच्या जुन्या मळ्यांतून नव्या कापूसपट्ट्यात सुमारे दहा लाख माणसं नेली, विकली गेली. त्यात किती आया आणि किती लेकरं एकमेकांपासून तुटली असतील. तो कापूसपट्टाही रिकामा पडलेला नव्हता. १८३०च्या कायद्याने तिथल्या मूळ लोकांना पश्चिमेकडे हाकललं गेलं आणि १८३८-३९च्या त्या वाटेवर एकट्या चेरोकी जमातीची अंदाजे चार हजार माणसं मेली. ‘विस्तारणारा देश’ असा शब्द लेखात सात ठिकाणी आला आहे, मी मोजले. या माणसांचा उल्लेख एकदाही नाही.

आणि गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्यांचं काय झालं? १८३५ मध्ये बॉस्टनसारख्या सुखवस्तू शहरात गुलामगिरीविरुद्ध वृत्तपत्र चालवणाऱ्या गॅरिसनला दोरी बांधून रस्त्यातून ओढत नेलं. १८३७ मध्ये इलिनॉयमधल्या ऑल्टन गावात लव्हजॉय या संपादकाला, छापखाना वाचवताना, जमावाने गोळी घालून मारलं. आपणही संपादक आहात, म्हणून हे नाव मुद्दाम लिहिते. गुलामगिरीविरुद्धचे लोकांचे अर्ज काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सभागृहात पोचत, पण ते चर्चेलाच घ्यायचे नाहीत असा नियम १८३६ ते १८४४ पर्यंत पाळला गेला. एवढं सोसून जे मिळालं, त्याला मागून आलेलं म्हणणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.

लेखाच्या शेवटी महात्मा फुल्यांचा दाखला आहे. अमेरिकेच्या प्रगतीने भारावून जोतीरावांनी आपलं पुस्तक त्या देशाला अर्पण केलं, असा त्याचा अर्थ निघतो. १८७३च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका लेखकांनी एकदा काढून वाचावी, ही हात जोडून विनंती. जोतीरावांनी गौरवलं ते गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी स्वार्थ सोडून झिजलेल्या माणसांना. कालव्यांचा, गिरण्यांचा, रेल्वेचा तिथे शब्द नाही. त्यांना अमेरिका पहिल्यांदा जवळून दिसली असेल ती अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये, सिंथिया फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळेत. ती शाळा पाहून आले आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी त्याच फॅरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले. शाळेला जाताना त्यांच्या अंगावर काय काय फेकलं गेलं ते महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही माहीत आहे. त्याच १८४८च्या जुलैत न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्सला बायकांची परिषद भरली, ६८ बाया आणि ३२ पुरुषांनी जाहीरनाम्यावर सही केली. मतदानाचा हक्क देशभर मिळायला १९२० उजाडलं.

आपल्या गिरण्यांचीही तीच कथा. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून सभा घेत, अर्ज करत राहिले, तेव्हा १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. तोवर गिरण्या उभ्या राहून तीसहून जास्त वर्षं लोटली होती आणि कित्येक मालक गब्बर झाले होते. १९२८च्या मुंबईतल्या गिरणी संपाच्या वेळीही विणाई खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण कांडी बदलताना धोट्यातून, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या लाकडी तुकड्यातून, धागा तोंडाने ओढावा लागे आणि तो धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागे. इंजिन विलायतेहून आलं, यंत्रं नवी आली, विटाळ जुनाच राहिला. तो प्रश्न मागण्यांत यावा म्हणून डॉ. आंबेडकरांना कामगारांच्या पुढाऱ्यांशीच भांडावं लागलं.

हे सगळं एका लेखात बसणार नाही, हे मला कळतं. पण मालिकेचे अजून भाग यायचे आहेत. एक भाग त्या २९३ दिव्यांच्या खोलीवर येऊ द्या.

जाता जाता आणखी एक. गेल्या वर्षी विडी कामगार बायांच्या भविष्यनिर्वाह निधीबद्दल मी पत्र पाठवलं होतं. आपण ते छापलं, त्याबद्दल आभार, पण मधले दोन परिच्छेद काढून टाकल्याने मी त्या बायांनाच दोष देते आहे असा अर्थ झाला. आमच्या गल्लीतल्या चौघीजणी तेव्हा माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. वाचकपत्रांची जागा आता पाव पानावर आली आहे आणि पहिलं पान उलटल्याशिवाय बातमी दिसत नाही, पूर्ण पान जाहिरात असते. जागा कमी असेल तर या पत्रातला अमेरिकेचा भाग हवा तेवढा कापा. गेटात बसलेल्या बायांचा आणि कामावरून काढलेल्या त्या दोघींचा परिच्छेद तेवढा जसाच्या तसा ठेवा.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर