केक कापला, पण दुखण्याचं काय?

संपादक महोदय,
कालच्या पुरवणीतला वृद्धाश्रमावरचा लेख वाचला. भजन, वाढदिवसाचा केक, खुर्चीत बसून गरबा, सगळं छान, फोटो तर फारच छान. पण अख्ख्या पानभर लेखात दुखण्याचं नाव नाही म्हणजे कमालच झाली. ऐंशी-नव्वदीची माणसं राहतात ना तिथे?

माझी आत्या डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झाल्यावर अशाच एका ठिकाणी होती (नाव लिहीत नाही, लिहिलं तरी तुम्ही छापणार नाही). भरवायला गेलं की तोंड घट्ट मिटायची, चमचा उडवायची, एकदा तर सांभाळणाऱ्या मावशींच्या हाताला चावली. झालं, फाइलीत शेरा, 'चिडखोर, सहकार्य नाही', आणि रात्रीची झोपेची गोळी वाढवली. मग आत्या दिवसभर मान टाकून बसलेली आणि आम्हाला फोनवर सांगणार, 'आता शांत आहेत हो आजी.' शेवटी वहिनीने मोबाइलचा टॉर्च लावून तोंडात बघितलं तर तुटक्या दाढेचं टोक जिभेला घासून घासून ही एवढी जखम! दाढ काढली, पॅरासिटामॉल दिली, हळूहळू बाई मऊ भात खायला लागली. डॉक्टर राउंडला यायचे, ते दारातूनच 'काय आजी, दुखतंय का?' विचारून पुढे. जिला स्वतःचं नाव आठवत नाही ती काय सांगणार, कपाळ!

बोलता न येणाऱ्यांचं दुखणं ओळखायला 'पेनॅड' नावाची पद्धत २००३ पासून आहे. श्वास, कण्हणं, चेहरा, अंग आखडणं, समजूत घातल्यावर शांत होतात का, प्रत्येकाला ० ते २ मार्क, पाच मिनिटांचं काम. नॉर्वेतल्या १८ नर्सिंग होममध्ये डिमेन्शियाच्या ३५२ जणांवर अभ्यास झाला, २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलाय. निम्म्यांना दुखण्यावर नीट औषध दिलं, त्यातल्या बहुतेकांना आपली साधी पॅरासिटामॉल, तर त्यांचा आरडाओरडा, मारणं कमी झालं. मावशींना मी बोल लावत नाही, त्यांना हे शिकवलंय कुणी? पण महिन्याला एवढाले पैसे घेणाऱ्यांनी बीपीच्या तक्त्याशेजारी हा एक रकाना ठेवायला काय हरकत आहे? तुमच्या वार्ताहराने पुढच्या वेळी केक खाऊन झाल्यावर तेवढं विचारावं.

आणि हो, ज्येष्ठांसाठीची पुरवणी म्हणता तर टाइप जरा मोठा घ्या. शब्दकोडं भिंग घेऊन सोडवावं लागतं.

एक वाचक, पुणे