‘पाणीपण अडकतं का?’ विचारणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,

नावाने मी आठवणार नाही, पण फाईल पुढे सरकवून "ॲसिडिटीच आहे, फक्त डोस वाढवून द्या" असं डॉक्टरलाच शिकवणारा पेशंट म्हटलं तर कदाचित आठवेन. तुम्ही फाईल उघडलीच नाहीत, विचारलंत, "गिळताना फक्त घट्ट अडकतं की पाणीपण?"

वर्षभर गोळ्या खाल्ल्या पण हे कोणी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं म्हणा, पाणी अडकतं म्हटलं तर लोक हसतील असं वाटायचं. पण अडकायचं, अगदी सुरुवातीपासून. जेवताना मधेच उभं राहायचं, खांदे मागे, मान वर, वरून एक घोट पाणी, मग छातीच्या हाडामागे गुडगुड होऊन घास एकदाचा उतरायचा. चारचौघांत जेवणं मी सोडूनच दिलं होतं. रात्री उशी ओली व्हायची आणि तोंडात आलेलं आंबट नसायचं, संध्याकाळचं जेवण जसंच्या तसं. "आंबट नसायचं" म्हटल्यावर तुम्ही पेन खाली ठेवलंत.

मग जुन्या रिपोर्टच्या पाठीमागे चित्र काढलंत. अन्ननलिका म्हणजे नुसता पाईप नाही, साधारण 25 सेंटीमीटरची स्नायूंची नळी, वरून लाट घास ढकलत आणते आणि खालची झडप वेळेवर सैल पडते. आधी घट्ट अडकतं नि हळूहळू पातळही अडकायला लागतं तेव्हा वाट अरुंद होत असते, ॲसिडने भाजून आकसलेली असेल नाहीतर गाठ असेल, त्यात वजन उतरत असेल तर एक दिवस घालवायचा नाही. कधीमधीच, घाईत मोठा घास गिळल्यावरच अडकत असेल तर खाली पातळ कडं असू शकतं. ॲलर्जीनेही नळी सुजते, पण ते बघून कळेलच असं नाही, तुकडा काढून तपासावा लागतो. आणि घट्ट-पातळ दोन्ही पहिल्यापासून अडकत असेल तर बहुतेक घोळ लाटेत किंवा झडपेत.

माझी एंडोस्कोपी नॉर्मल आली होती म्हणून घरचे टेन्शन टेन्शन म्हणत होते. तुम्ही म्हणालात, नळी दिसायला चांगली आहे, ती काम करते का ते अजून कोणी बघितलंय कुठे? बेरियमचं पांढरं पाणी पाजून काढलेल्या एक्स-रेत नळीचं खालचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं निघालं, मग मॅनोमेट्रीत, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजायच्या तपासणीत, नाकातून नळी घालून (नको ती आठवण) पाण्याचे दहा घोट गिळायला लावले, दहाही वेळा लाट शून्य. अकॅलेशिया, म्हणजे लाटही नाही आणि खालची झडपही नीट सैल पडत नाही. हा शब्द म्हणताना माझी जीभ अजून अडखळते.

तोंडातून दुर्बीण घालून झडपेचा स्नायू कापला, आणि नंतरचा पहिला घोट कधी उतरला कळलंच नाही, मी आपला गुडगुडीची वाट बघत बसलेलो. तेव्हाच तुम्हाला थँक्यू म्हणायचं होतं, पण तुमची ड्युटी बदलली होती म्हणून हे असं सगळ्यांसमोर.

बाकी झडप ढिली झाल्यामुळे आता ॲसिड खरंच वर येतं, तेव्हा वर्षभर उगाच खाल्लेली तीच गोळी परत चालू आहे.