गाळलेले ठिपके आणि निकाली निघालेला अर्ज : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

'मागितलेल्या नोंदी पर्जन्याशी संबंधित नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे,' असे दोन ओळींचे पत्र मला काल टपालाने मिळाले. हवामान रडारच्या रात्रीच्या मूळ नोंदी पक्ष्यांच्या स्थलांतराच्या हंगामातच देऊ, असे याच कार्यालयाने फेब्रुवारीत लेखी कळवले होते. आता मे सरला आणि पक्षीही गेले.

रडारच्या लहरी पावसाच्या थेंबावरून परततात, तशाच पक्ष्याच्या पाणीदार शरीरावरूनही परततात. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील रडारचालकांनी ज्या गूढ ठिपक्यांना 'देवदूत' म्हटले, त्यांतले पुष्कळसे पक्षीच निघाले. पाऊस मोजताना असे ठिपके गाळावेत, ते योग्यच आहे. पण गाळण्यापूर्वीच्या नोंदी मागणाऱ्याला का मिळू नयेत? अमेरिकेत 143 रडारांच्या जुन्या नोंदी खुल्या होत्या, म्हणून तर 2007 पासूनच्या दशकात वसंतातल्या रात्रीच्या स्थलांतराचे प्रमाण सुमारे 14 टक्क्यांनी घटल्याचे 2019 मध्ये उघडकीस आले.

मी बारा वर्षे कळंब्याजवळच्या उसाच्या फडांत रात्रीच्या वस्तीला उतरणारे पिवळे धोबी हे स्थलांतरी पक्षी मोजतो आहे. मार्चअखेरीस नरांच्या छातीवर हळदीसारखा रंग चढतो, ऊस तुटत जातो तसे ते उरलेल्या फडांत दाटीने बसू लागतात आणि एप्रिलमधल्या एखाद्या रात्रीनंतर तिथे एकही दिसत नाही. ते किती वाजता उठले आणि कोणत्या वाऱ्यावर गेले, हे बारा वर्षांत मला एकदाही कळलेले नाही. चंद्रासमोरून जाणारे पक्षी दिसावेत म्हणून चंद्रावर दुर्बीण रोखून मी गच्चीवर रात्री काढल्या. मागच्या वर्षी पहाटे जिना उतरताना पडून मनगट मोडले, ते अजून पेन धरू देत नाही, आणि हे पत्रही माझ्या पत्नीनेच लिहून घेतले आहे. जे रडारला दर काही मिनिटांनी दिसते, त्यासाठी अडुसष्टाव्या वर्षी मी हे का सोसावे?

दुखणे एका अर्जाचे नाही. जनतेच्या पैशाने जमवलेली माहिती जनतेनेच मागितली की आधी तिचा हेतू तपासला जातो, मग अर्ज टेबलामागून टेबल फिरतो आणि हंगाम उलटला की निकाली निघतो; कोणता प्रश्न कामाचा, हे खुर्चीवर बसलेल्याने ठरवायचे, ही रीतच मला मान्य नाही. शिवाय अंतर वाढते तसा रडारचा झोत जमिनीपासून उंच जातो, त्यामुळे दूरच्या रडारला खालून उडणारे थवे दिसत नाहीत आणि खालच्या थरातला पाऊसही निसटतो. 2019 आणि 2021 चे महापूर सोसलेल्या कोल्हापूरला या दुसऱ्या गोष्टीची किंमत समजावून सांगावी लागत नाही. इथल्या आकाशाचा खालचा थर दिसेल असे रडार आम्हाला हवे आहे, पावसासाठी आणि पक्ष्यांसाठीही.

मी नवा अर्ज याच आठवड्यात टाकत आहे. त्याचा निर्णय पुढच्या मार्चपूर्वी व्हावा, आणि तोवर यंदाच्या 15 मार्च ते 15 मे या काळातील मूळ नोंदी नष्ट करू नयेत, एवढा आदेश आपण आजच काढावा.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक, कोल्हापूर