बकाल्यातल्या (किराणा दुकानातल्या) इक्कांना

इक्का, तुम्हाला मराठी येत नाही, ठाऊक आहे. आपलं सगळं बोलणं त्या मोडक्यातोडक्या हिंदीत. तरी लिहितोय, माझी धाकटी पोरगी फोनवर समजावून सांगेल.

२०१० साली रत्नागिरीहून ‘आझाद व्हिसा’वर जेद्दाला आलो. आझाद म्हणजे व्हिसा एका कफिलाच्या, म्हणजे तिथल्या हमीदार मालकाच्या, नावावर, काम मिळेल तिथे, आणि त्या मोकळीकीचे महिन्याला ३०० रियाल कफिलाला. कायद्यात असा व्हिसाच नाही, हे एजंट बोलला नव्हता. (आम्हीही विचारलं नव्हतं.) टाइल्सची कामं थंडावली, कफिलाचे पैसे थकले आणि त्याने माझ्यावर हुरूब टाकला. ‘कामावरून पळाला’ अशी सरकारी तक्रार. पासपोर्ट त्याच्याच कपाटात, पळणार कुठे?

हुरूब लागला की इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, मेला. बँकेतून घरी पैसे जात नाहीत, दवाखान्यात आधी इकामाच मागतात. ठेकेदाराला कुणकुण लागली आणि ९० रियालची हजेरी ५० वर आली, तीही दोन महिने तुंबलेली. मागायला गेलो की खिशातून मोबाइल काढून हातात धरायचा, बोलायचा काही नाही. पोलिसांची गाडी दिसली की मी तुमच्या बकाल्यात घुसायचो, उगाच खुबूस रोट्या चाचपत. तुम्ही एकदाही काही विचारलं नाहीत. वहीत माझं खातं चालूच राहिलं. पोरींच्या फीचे पैसे तुम्ही स्वतःच्या इकाम्यावर रत्नागिरीला पाठवलेत. पकडले गेला असतात तर तुमचंही दुकान गेलं असतं. आई गेल्याचं तुमच्याच फोनवर कळलं. त्या दिवशी तुम्ही शटर अर्धं खाली ओढलंत. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

एप्रिल २०१३ मध्ये माफी जाहीर झाली. ३ जुलैच्या आत कागद नीट करा नाहीतर देश सोडा. दंड नाही, तुरुंग नाही. मला तो धरपकडीचा सापळाच वाटला. तुम्ही दंडाला धरून कॉन्सुलेटवर नेलंत. उन्हात ती गर्दी! अर्ज तुम्हीच भरलात. पासपोर्टऐवजी एकदाच चालणारा पांढरा कागद मिळाला, पण बोटांच्या ठशांसाठी नंबर काही लागेना. मुदत ३ नोव्हेंबरपर्यंत वाढली म्हणून निभावलं. दुकान भाच्यावर टाकून दोन रात्री माझ्याबरोबर पुठ्ठ्यावर बसलात, वर गुडघेदुखीचा बाऊ मलाच करायला लावलात.

तिकिटाचे पैसे मी पुढच्याच वर्षी फेडले. वहीतले १८० रियाल मात्र तुम्ही घेतच नाही. शेजारचे काका उमऱ्याला येतायत, त्यांच्याकडे ते पैसे आणि दोन किलो आमसुलं दिली आहेत. पैसे परत केलेत तर आमसुलंही परत पाठवा.