ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर रविवारी वर्तमानपत्रांतून मणक्याच्या जाहिराती येतात. विनाऑपरेशन इलाज, सरकलेली गादी जागेवर, नस मोकळी. त्या बघून माझ्या ओळखीतले दोघे-तिघे पुण्याला जाऊन पैसे ओतून आलेत, म्हणून हे पत्र.

मी एसटीत चालक होतो. कुंभार्ली घाटातून कराड-चिपळूण गाडी नेण्यात निम्मी नोकरी गेली. आमच्यात कंबर न दुखणारा चालक शोधून सापडायचा नाही. दिवसभर हादरे, एकाच जागी बैठक आणि डावा पाय सतत क्लचवर. कुणाला उसण भरली की हमखास एखादा पायाळू निघायचा आणि कंबरेत लाथ घालायचा. कुणी बिब्ब्याचे डाग घेऊन यायचं. पायाळूची लाथ फुकट होती, एवढा तरी तिचा गुण.

निवृत्तीनंतर माझ्या डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जायला लागली. शिंक आली तरी डोळ्यांपुढं अंधारी. एका खासगी दवाखान्यात एमआरआयची फिल्म दिव्यासमोर धरून सांगण्यात आलं, चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी बाहेर आलीय, नस दबलीय, स्क्रू टाकावे लागतील. पाठोपाठ धीरही दिला, ‘काळजी करू नका, सरकारी योजनेत बसवून देतो.’

माझी पुतणी सांगलीला फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं फिल्म बाजूला ठेवली आणि मला आधी टाचांवर, मग चवड्यांवर चालायला लावलं. पायाचा अंगठा वर ओढून धरायला सांगून ती तो खाली दाबत राहिली. लघवी अडते का, बसायच्या जागी बधिरपणा आहे का, हे काकाला विचारताना ती जराही अडखळली नाही. लघवी अडली किंवा तिथं बधिरपणा आला तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं आणि पाऊल लुळं पडायला लागलं तरी सर्जनला दाखवायला उशीर करायचा नाही, हे तिनं बजावलं. माझ्यात यातलं काही नव्हतं.

मग फिल्मचं काय? २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पाठदुखी नसलेल्या तीन हजारांवर माणसांचे स्कॅन विचारात घेतले होते. विशीतल्या ३० टक्के लोकांची गादी फुगलेली निघाली, ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्क्यांची. वीस वर्षं घाटात पळालेल्या गाडीखाली वाकून बघितलं तर स्प्रिंगचे पाटे दबलेले दिसणारच, पण गाडी बंद पडली ती त्यामुळंच, असं कुठला मेकॅनिक म्हणत नाही.

सायटिकाची, म्हणजे नस दबून कंबरेतून पायात उतरणारी, कळ बहुतेकांची काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय ओसरते. नेदरलँड्समधल्या २००७ च्या एका अभ्यासात ज्यांचं लवकर ऑपरेशन केलं त्यांच्या पायाची कळ लवकर थांबली. थांबून राहिलेल्यांपैकी काहींना पुढं ऑपरेशन लागलंच, पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांची स्थिती जवळपास सारखी होती. म्हणजे निवड असते, आणि ती रुग्णाला नीट समजावून सांगायची असते. ‘पाय जाईल’ म्हणून घाबरवायचं नसतं.

औषधाचंही तेच. नसांची गोळी म्हणून आमच्याकडं सर्रास प्रीगॅबालिन लिहून देतात. ऑस्ट्रेलियात २०१७ साली सायटिकाच्या रुग्णांवर ती तपासली, तेव्हा बिनऔषधी गोळीपेक्षा जास्त आराम पडलाच नाही, चक्कर मात्र जास्त जणांना आली. तुम्ही काय काम करता, गाडी चालवता का, हे मला चिठ्ठी लिहिताना कुणी विचारलं नव्हतं. (ही गोळी चालू असेल तर मनानं एकदम बंद करू नये, डॉक्टरांना विचारून कमी करत जावी.) आणि कंबरेचा पट्टा! जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. ठरावीक आजार सापडत नाही अशा दुखण्याला पट्टा बांधणं आणि वजन लावून कंबर ताणणं हे नेहमीचा उपचार म्हणून करू नये, असं त्यांत म्हटलंय. व्यायाम आणि दुखण्याबद्दल नीट माहिती देणं यांची मात्र शिफारस आहे. आमच्या गल्लीत किती घरांत पट्टे खुंटीला लटकलेत ते मी रोज बघतो.

मला पुतणीनं पालथं झोपून कोपरांवर उठायला शिकवलं, सकाळ-संध्याकाळ चालायला लावलं. पावसाळा सरता सरता कळ पोटरीतून मांडीत आणि मांडीतून कंबरेत आली. कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल, पोटरी मोकळी होतेय ना, असं ती विचारायची.

हे वाचून मोबाईलवर बघून कुणी व्यायाम सुरू करू नयेत. माझ्या मेहुण्यांचं नेमकं उलटं. चालायला लागले की दोन्ही पाय जड व्हायचे, खाली बसलं की मोकळे. वारीत लोणंदच्या पुढं दर थोड्या अंतरावर टेकत, पण सायकलवर वाकून कितीही जायचे. त्यांच्या मणक्यातली नसांची वाटच वयानं अरुंद झालेली. मागं वाकायच्या माझ्या व्यायामानं त्यांना त्रासच व्हायचा. त्यांचं शेवटी ऑपरेशन झालं, सरकारी रुग्णालयात, आणि आता बाजारहाट तेच करतात. कुणाला काय लागतं हे हात लावून, चालवून बघणारं माणूस लागतं.

ते माणूस तालुक्याला मिळत नाही. आमच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी केली तर जिल्ह्याला जा म्हणाले. कंबर धरून एसटीनं जिल्ह्याला जाऊन यायचं, तेही आठवड्यातून दोन-तीनदा! खासगीत दर खेपेला पैसे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. खासगी विम्याचंही बहुतेक असंच, खाटेवर झोपलात तर पैसे. म्हणजे स्क्रू टाकायला सरकार मदत करणार आणि पालथं झोपून कोपरांवर उठायला शिकवणाऱ्याचे पैसे मजुरानं स्वतः द्यायचे. तोडीचा मजूर, हमाल, भात लावणारी बाई यातलं काय निवडणार?

सरकारनं फिजिओथेरपीच्या ठरावीक खेपा भरती न होताही योजनेत धराव्यात. आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसवावा, शक्यतो बाजाराच्या दिवशी, कारण वाड्यावस्त्यांवरची माणसं त्याच दिवशी गावात येतात. त्याला लागतं एक रुंद टेबल आणि चालून दाखवायला व्हरांडा. आमच्या रुग्णालयात व्हरांडा आहे.

– एक निवृत्त एसटी चालक, कराड (जि. सातारा)