काका, तुम्ही आधी स्टँड पाहिलात

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. बदली झाली, घर बदललं की नाशकात लोक फिशटँक स्वस्तात देऊन टाकतात आणि आमच्यासारखं कुणीतरी तो हौसेनं घरी नेतं. अशा प्रत्येकाला तुम्ही भेटाल असं नाही. निदान तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते तरी त्यांच्यापर्यंत पोचावं.

टाकी आणि स्टँड छोट्या हत्तीतून इंदिरानगरला आले तेव्हा बिल्डिंगमधले सगळे काचेभोवती जमले होते. तुम्ही मात्र सिडकोहून आलात ते थेट पार्किंगच्या फरशीवर बसलात आणि स्टँडच्या पायांवरून हात फिरवायला लागलात. खालच्या बाजूला अँगलला गंज धरला होता, रंगाखाली पापुद्रे सुटत होते. मग तुम्ही टेप लावून माप घेतलंत आणि मुलाला समोर बसवून हिशोब करायला लावलात. लांबी ३ फूट, रुंदी १ फूट, उंची दीड फूट, म्हणजे साडेचार घनफूट. घनफुटाला साधारण २८ लिटर, म्हणजे १२७ लिटरच्या आसपास पाणी, आणि लिटरला एक किलो. वर काचेचं वजन, रेतीचं वजन. "दोन-अडीच माणसं या चार पायांवर चोवीस तास उभी राहणार आहेत," तुम्ही म्हणालात. मुलानं त्या दिवसापासून स्टँडला हात लावून उभं राहणं सोडलं.

अंबडच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म वेल्डिंग केलेला तुमचा हात मला त्या स्टँडवर बघायला मिळाला, याचं मला फार अप्रूप आहे. तारेच्या ब्रशनं गंज खरवडून काढला, कमजोर वाटलेले दोन जोड पुन्हा भरले, रेड ऑक्साइड लावून वर काळा ऑइलपेंट दिला. आणि चारही पायांच्या तळाला नट वेल्ड करून त्यात बोल्ट बसवले. तो बोल्ट कशासाठी हे मला हॉलमध्ये स्टँड ठेवल्यावर कळलं. आमच्या फरशीला बाथरूमच्या बाजूनं किंचित उतार आहे, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तुम्ही स्पिरिट लेव्हल ठेवलीत, पुढच्या उजव्या पायाखाली कागदाची घडी सरकवून दाखवलीत. ती अडथळ्याशिवाय आरपार गेली. म्हणजे तो पाय अधांतरी होता. बोल्ट पान्यानं थोडा थोडा फिरवत तुम्ही बुडबुडा मधोमध आणलात, आधी लांबीत, मग रुंदीत, मग पुन्हा लांबीत. लाकूड थोडं वाकतं, लोखंड थोडं वाकतं, काच वाकत नाही, ती सरळ तडकते. म्हणून वर जाड वॉटरप्रूफ प्लाय, त्यावर थर्माकोलची शीट आणि मग टाकी. शीटवर राहिलेला वाळूचा एक कणसुद्धा तुम्ही बोटानं टिपून काढलात.

जागाही तुम्हीच ठरवलीत. आम्हाला खिडकीशी हवी होती. तिथे ऊन येतं, पाणी शेवाळानं हिरवं होईल, असं सांगून तुम्ही भिंतीला लागून, बीमच्या बाजूला जागा दाखवलीत. राहत्या घराच्या स्लॅबचा हिशोब करताना चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. आपल्या टाकीनं तर एक तृतीयांश चौरस मीटरसुद्धा अडवत नाही आणि वजन मात्र जवळपास तेवढंच, म्हणून ती खोलीच्या मधोमध नको, बीमजवळच हवी. सासूबाई त्यानंतर निश्चिंत झाल्या. दुसऱ्या मजल्यावर एवढं पाणी, ही धास्ती त्यांनी बोलून दाखवली नव्हती. तुम्हीच ती ओळखलीत, आणि याबद्दल वेगळे आभार.

काचेचं काम मुलाला तुम्ही स्वतः करू दिलंत. पांढरे डाग व्हिनेगरनं निघतात, कारण ते पाण्यातल्या चुन्याचे असतात. साबण टाकीला कधी लावायचा नाही. आतल्या कडेचं जुनं सिलिकॉन ब्लेडनं मुळापासून काढावं लागलं, कारण जुन्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही. बाथरूमसाठी मिळणारं बुरशीरोधक सिलिकॉन नको, ते माशांना घातक. नवं लावल्यावर आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत तुम्ही आम्हाला पाणी भरू दिलं नाहीत. मग पार्किंगमध्येच खाली वर्तमानपत्र पसरून चाचणी झाली: आधी पाव, मग अर्धी, मग काठोकाठ. कागद ओला झाला तर गळती लगेच दिसते. रात्रभर ठेवूनही कागद कोरडा! सकाळी शेजारची पोरं "मासे कुठायत?" विचारत टाकीभोवती फिरत होती.

त्यांना उत्तर द्यायला अजून बराच वेळ होता, आणि हा वेळ आम्हाला काढायला लावलात हे मला तुमच्या सगळ्या मदतीत मोठं वाटतं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, एका प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही माशांना विषासारखे. नायट्रेट पाणी बदलून आटोक्यात ठेवता येतं. हे जीवाणू नव्या टाकीत स्थिरावायला चार ते सहा आठवडे जातात. गंगापूर धरणाचं पाणी नळानं आपल्याकडे क्लोरीन घालून येतं, ते आपल्याला पिण्यासाठी उत्तम, पण या जीवाणूंना आणि माशांना मारक. म्हणून अँटिक्लोरीनचे थेंब. आणि तुम्ही तुमच्या घरच्या चालू फिल्टरमधला स्पंज, त्याच टाकीच्या पाण्यासकट पिशवीत घालून आणलात. गढूळ, तपकिरी, उग्र वासाचा. सासूबाईंनी नाकाला पदर लावला. पण त्या स्पंजात तुमच्या टाकीत इतक्या काळात वाढलेले जीवाणू होते, आणि ते तुम्ही आम्हाला देऊन टाकलेत. तो नळाखाली कधी धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, हे मुलानं स्टँडच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवलंय.

वायरींना बोर्डाच्या खाली झोळ ठेवलात, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळातून खाली टपकेल, बोर्डात शिरणार नाही. एअरपंपाच्या नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह बसवलात, वीज गेली तरी पाणी उलटं पंपात येत नाही. नाशिकची थंडी ओळखून हीटरही तुम्हीच आणायला लावलात.

आधी झेब्रा डॅनियो मासे सोडले, ते रमल्यावर गप्पी. मुलगा दर रविवारी पाव टाकी पाणी बदलतो, मला आठवण करावी लागत नाही.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या स्पंजाशेजारी आम्ही दुसरा कोरा स्पंज लावून ठेवलाय, तोही आता चांगला तपकिरी झालाय. तुमच्याकडे कुणी नवी टाकी लावायची म्हणून आलं, तर तुमचा फिल्टर उघडू नका. आमच्याकडे पाठवा, पिशवीत भरून देऊ. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
इंदिरानगरची ताई